डार्टमूरचे बांध: नोंद सहावी

इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचं माळरान आहे, होल्न मूर हा त्याचाच भाग. मागच्या नोंदीत होल्न मूरवरची जी रेघ रीव्ह (प्राचीन दगडी बांध) समजून मी नकाशावर लाल पेनाने ठळक केली होती, ती खोडली. तो रीव्ह नव्हेच, मध्ययुगातला बांध निघाला. मोकळ्या माळाकडे चर आणि दगडी तोंड, आतून मातीचा उतार. जनावरं शेतात शिरू नयेत म्हणून केलेली ती तजवीज. हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. शिवाय एके ठिकाणी खरा रीव्ह त्याच्या पोटाखालून जातो. तिथे अर्धा तास उकिडवा बसलो तेव्हा कुठे उलगडा झाला.

नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो: रीव्ह म्हणजे कांस्ययुगातले दगडी बांध, सुमारे ३५०० वर्षांपूर्वीचे. आता गुडघ्याएवढेही उरलेले नाहीत, वर गवत चढलंय. पूर्वीचे अभ्यासक यांना जुन्या वाटाच समजत. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी पायपीट करून ही जमिनीची आखणी असल्याचं दाखवलं. होल्न मूरवर उत्खननात काही बांधांखाली लाकडी कुंपणाच्या खुंट्यांची भोकं सापडली. म्हणजे आधी कुंपण, दगड मागाहून. डार्टमूरच्याच शॉ मूर भागात तर बांधालगतच्या चरात गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले!

मला वेड लावलंय ते त्यांच्या सरळपणाने. आपल्याकडे बांध ओढ्याला मान देतो, उतार बघून वळतो. हे पठ्ठे वळत नाहीत. समांतर रांगा डार्ट नदीच्या खोल दरीपर्यंत येतात आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतात. तेव्हा बांध कोरण्यावरून भांडणं होत असतील का, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही. गावाकडची सवय.

शनिवारी कोम्बस्टोन टॉरजवळ (टॉर म्हणजे माथ्यावर उघडे खडक असलेली टेकडी) चारच्या सुमाराला ऊन तिरपं झालं आणि दुपारभर सपाट वाटणारा उतार एकदम रेघारेघांचा दिसू लागला. जेमतेम वीस मिनिटं. मग धुकं. लायडारच्या (विमानातून लेसरने जमिनीचा उंचसखलपणा मोजून केलेल्या) चित्रात सगळं दिसतं हे कबूल, पण दगड कोणत्या दगडावर टेकलाय ते तिथे जाऊनच कळतं. (दगड हलवायचा नाही. पुन्हा सांगतोय.)

पुढची खेप नदीपलीकडे, यार टॉरच्या अंगाने. नेचं वाढायच्या आत जायला हवं. ते छातीला लागलं की बांध फक्त ठेचकाळल्यावर सापडतो.