तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एमएक्स-५ चा डिफ बदलू का?’

‘मागून ठक् आवाज येतो, डिफ बदलू का?’ ब्रिटनमध्ये जुनी माझदा एमएक्स-५ घेतलेली आपली मंडळी हाच प्रश्न विचारतात. मी म्हणतो, आधी डिफला (डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) हात लावू नका. त्यावर ‘पण मेकॅनिक तर म्हणाला’ सुरू होतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, तेही १९८९ ते २००५ मधल्या पहिल्या दोन पिढ्यांपुरतं.

आवाज कुठून येतो ते सगळे सांगतात. मला हवं असतं ते कधी येतो. क्लच सोडताना, रेस सोडून परत देताना, रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना येत असेल तर ड्राइव्हलाइन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी साखळी, बघायची. न्यूट्रलमध्ये उतारावरून जाताना खड्ड्यात येत असेल तर सस्पेन्शन: अँटी-रोल बारच्या लिंक, शॉकचं वरचं माउंटिंग, कधी कधी डिकीतला सुटा जॅकसुद्धा. गाडी पुढे-मागे अशी दिशा बदलून ब्रेक दाबल्यावर एकदाच वाजलं तर पॅड कॅलिपरमध्ये सरकतात. चाकाच्या फेऱ्याबरोबर टक-टक होत असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट नाहीतर हबचा २९ मिमीचा ढिला नट. तो किमान २१६ न्यूटन-मीटरला आवळावा लागतो, अंदाजाने नाही.

‘कुठून’वर मी भर देत नाही, कारण या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफ एका लांब ॲल्युमिनियम फ्रेमने जोडलेले आहेत. तिला पीपीएफ (पॉवर प्लांट फ्रेम) म्हणतात. गिअरबॉक्सला वेगळं माउंटिंग नाही. इंजिनाची दोन आणि डिफच्या हातांची दोन, एवढ्या चार रबरांवर सगळा भार. त्यामुळे एका टोकाला झालेला आवाज दुसऱ्या टोकाला, अगदी सीटमागे ऐकू येतो.

एक गाडी सांगतो, कारण तीच चूक मला पुन्हा पुन्हा विचारली जाते. दुसऱ्या पिढीची, १.८ इंजिनाची. क्लच प्लेट बदलली आणि त्यानंतर पहिल्या गिअरला ठक् सुरू झालं. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली, प्रॉपशाफ्टचा (गिअरबॉक्सकडून डिफला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) डिफकडचा फ्लॅंज हाताने हलवून दाखवला, ‘डिफमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे’ म्हणाले. वापरलेला दुसरा डिफ आणून बसवला. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. मग प्रॉपशाफ्ट बदला म्हणाले. मालकाने तेव्हा विचारलं. मी विचारलं: क्लचच्या आधी आवाज होता का? नव्हता. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात, आणि गिअरबॉक्स उतरवायला पीपीएफ सोडावी लागते. गिअरबॉक्सकडच्या बोल्टांच्या डोक्याभोवती ॲल्युमिनियम घासून चकचकीत झालं होतं. बोल्ट आवळलेले होते, पण १०४ ते १२३ न्यूटन-मीटर हवेत, तितके नाहीत. डिफ बसवताना मागचे बोल्ट नीट आवळले गेले, म्हणून आवाज थोडा कमी झाला. पुढचे कोणी पाहिलेच नाहीत. ते टॉर्क पान्याने आवळले, फ्रेमची उंची मापून बसवली (नाहीतर प्रॉपशाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरते), आणि आवाज थांबला. तोवर चांगला डिफ भंगारात गेला होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

फ्लॅंज हलतो म्हणून डिफ गेला, हा निष्कर्ष का चुकतो ते आकड्यांत पाहा. १.८ च्या क्राउनचा (डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा; त्याला फिरवणारं लहान चाक म्हणजे पिनियन) व्यास ७ इंच, म्हणजे साधारण १७८ मिमी. क्राउन-पिनियनमधला प्ले ०.१ मिमीच्या आसपास हवा. ४.१ च्या रेशोने तो फ्लॅंजवर जेमतेम पाव अंश होतो. हाताला जाणवतो तो बाकीचा: आतले साइड गिअर, स्प्लाइन, ॲक्सलचे जॉइंट. थोडा प्ले चांगल्या डिफमध्येही असतोच. शिवाय झिजलेलं क्राउन-पिनियन बहुधा ठक् करत नाही, गुणगुणतं, आणि रेस दिली-सोडली की सूर बदलतं. पिनियनचा नट आवळून प्ले काढायला तर जाऊच नका. आतला स्पेसर चिरडला की बेअरिंगवरचा ठरलेला दाब (प्रीलोड) बिघडला.

मग करायचं काय? प्रॉपशाफ्ट हाताने पिळा आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसकडे (वळणाऱ्या सांध्यांकडे) बघा. कपात जराही हालचाल दिसली तर शाफ्ट बदला, कारण ते क्रॉस ठोकून बसवलेले आहेत. मग गाडी चारही चाकांवर जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, पुढे-मागे कोणी नाही. फोन बाजूने गाडीखाली सरकवून व्हिडिओ चालू करा. पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा धरू द्या, मग रिव्हर्समध्ये. डिफचं नाक वर उचलू पाहतं. ते रबरासकट संथ हललं तर ठीक. उडी मारून आदळलं तर माउंटिंगचं रबर फाटलंय किंवा पीपीएफ ढिली आहे. इंजिन चालू असताना स्वतः गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

तेल बदला असं मी पूर्वी पहिल्याच वाक्यात सांगायचो. अजूनही सांगतो, पण आवाज जाईल म्हणून नाही. आधी फिलर प्लग सुटतो का बघा; तिथल्या हिवाळ्यातल्या मिठाने तो जाम झालेला असतो, आणि ड्रेन आधी सोडलात तर गाडी तिथेच अडकेल. १.८ ला एक लिटर जीएल-५ दर्जाचं गिअर तेल, १.६ च्या लहान डिफला ०.६५. निघालेल्या तेलात चुंबक फिरवा. करडी मऊ पेस्ट चालते. चिमटीत टोचणारे तुकडे आले तर मात्र डिफ उघडा. तेव्हा मीच सांगेन. काही गाड्यांत एलएसडी, म्हणजे एकच चाक घसरत फिरू न देणारा डिफ असतो. त्यातल्या गिअरवाल्या टॉर्सनला घर्षण कमी करणारं खास मिश्रण लागत नाही, ते क्लच प्लेटवाल्या एलएसडीला लागतं.

रबरापेक्षा कडक पॉलियुरेथेनच्या (पॉलीच्या) डिफ माउंटिंगबद्दल मात्र मला विचारू नका. पूर्वी मी ती ठामपणे सुचवायचो: नाक हलत नाही, रेसला गाडी लगेच उत्तर देते. हे आजही खरं आहे. पण रबर जी गुणगुण गिळत होतं ती मग आत येते, आणि लोक पुन्हा विचारतात, ‘आता डिफ बदलू का?’ रोज ऑफिसला नेणाऱ्याला मी रबर सांगतो, ट्रॅकवर नेणाऱ्याला पॉली. दोन्ही करणाऱ्याला काय सांगावं, हे अजून ठरलेलं नाही.