पिचकारीतला अनोळखी माणूस

हेदर ड्यूई-हॅगबोर्ग नावाची एक अमेरिकन कलाकार आहे. २०१२-१३ च्या सुमारास तिने न्यूयॉर्कमध्ये लोकांनी टाकलेली सिगारेटची थोटकं, चघळलेलं च्युइंगगम, गळालेले केस गोळा केले. त्यातून डीएनए काढला आणि त्या अनोळखी माणसांचे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापून भिंतीवर टांगले. आपण जाता-येता काय काय मागे ठेवतो आणि ते कोण उचलू शकतं, हे तिला दाखवायचं होतं.

हे वाचल्यापासून ठाणे स्टेशनचा जिना चढताना कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्या मी जरा जास्तच निरखतो. बाई ठाण्याला आल्या असत्या तर कच्च्या मालाला तोटा नव्हता.

पण डीएनएवरून कळतं किती? स्त्री की पुरुष, डोळ्यांचा, केसांचा नि कातडीचा रंग, पूर्वज साधारण कुठले. नाक, जिवणी, गालाची ठेवण हा बराचसा अंदाज. वय तर तिला कळतच नव्हतं. आता ठाण्याच्या फलाटावर डोळे-केसांचा रंग सांगून काय उपयोग? सगळेच काळे-तपकिरी. म्हणजे उरलं 'मूळचा कुठला'. आणि ते आपल्याकडे कशासाठी विचारतात, हे सांगायला नको. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं झाल्याच्या खुणा जनुकांत सापडतात, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या २०१३ च्या अभ्यासात आलेलंच आहे. शिवाय २०२२ च्या कायद्याने पोलिसांना अटकेतल्या माणसांचे जैविक नमुने घ्यायची मुभा दिली. डीएनएच्या वापरावर नियम घालणारं वेगळं विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

मी पोर्ट्रेट रांगोळी काढतो. यंदा पाडव्याला सोसायटीच्या गेटशी कुठला नेता-अभिनेता न काढता असाच माणूस काढला. लॅब कुठली आपल्याकडे! कागदावर लिहिलं: पुरुष, सावळा, केस काळे, डोळे तपकिरी. बाकी सगळं माझ्या मनचं. डोळ्यातला पांढरा ठिपका मी शेवटी ठेवतो. चिमूट केसभर सरकली की माणूस तिरळा. खाली पाटी लावली, 'डीएनएवरून कळेल तेवढ्याच माहितीवर काढलेला अनोळखी माणूस'.

वॉचमनला तो त्याच्या गावचा वाटला. एका काकांना पूर्वीचा इस्त्रीवाला आठवला. बी विंगच्या काकू मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "खालून सायकल गेली ना, त्या दिवशी हाच फिरत होता." फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा.

"काकू, अहो हा कोणीच नाहीये. नाक माझ्या मनचं आहे."

"कोणीच नाही कसा? डीएनएवरून काढलाय ना?"

पुढच्या पाडव्याला त्याच चिठ्ठीवरून चार वेगवेगळे चेहरे शेजारी शेजारी काढायचेत. गाड्या हलवाव्या लागतील, सेक्रेटरींशी आधीच बोलून ठेवतो.