पहिल्याच वर्षी तालमीच्या खोलीत शिरा

जुलैमध्ये सांगलीच्या विश्रामबागेतल्या महाविद्यालयांत नवे चेहरे दिसू लागले, की त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘मला काही कला येत नाही.’ कला म्हणजे लहानपणापासून गाण्याच्या परीक्षा दिलेल्या किंवा शाळेत बक्षिसे मिळवलेल्या मुलांचे राखीव कुरण, असा या विद्यार्थ्यांचा ग्रह असतो. निदान सांगलीत तरी तो टिकू नये, असे मला वाटते.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधाराने म्हणायची पदे रचलेली असत. भाषणे मात्र नट आयत्या वेळी आपापल्या बुद्धीने करीत. ज्या प्रयोगाची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, त्यातल्या मंडळींसमोर गिरवायला फारसा कित्ता नव्हता. मग युवा महोत्सवाच्या निवडीला जाताना तुम्हीच का बिचकावे?

आणि अभिनय करायचा नसेल, तरी तालमीच्या खोलीत कामाला तोटा नसतो. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर बाके भिंतीला लावली जातात, फरशीवर खडूने रंगमंचाची चौकट आखली जाते, एका खुर्चीचा दरवाजा होतो आणि कोणीतरी संहिता हातात धरून प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की त्याला वाक्य सुचवायला, बसते. हे प्रॉम्प्टिंगचे काम नवख्या विद्यार्थ्याने मागून घ्यावे, कारण सगळ्यांची वाक्ये, थांबे आणि चुका रोज कानावर पडल्याने नाटक कसे उभे राहते, हे जितके त्या जागेवरून कळते तितके पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कधीच कळत नाही. नेपथ्याला खिळे ठोकणारे हात लागतात, प्रकाशयोजनेला विजेची जाण असलेली मुले लागतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर इथे संकोच करण्याचे कारणच नाही. (नायकाची भूमिका मिळाली नाही म्हणून रुसून घरी बसणारे दरवर्षी निघतात, त्यांच्या जागा लवकर भरतात.)

नाटकाची आवड नसेल, तर भित्तिपत्रक, वार्षिक अंक, रांगोळी, व्यंगचित्र, लोकनृत्य असे पुष्कळ पर्याय आहेत. सांस्कृतिक विभागाच्या सूचनाफलकावर त्यांची माहिती लागते, आणि तो फलक वाचण्याची सवय लावून घेतली तरी अर्धे काम होते.

गाण्याकडे ओढा असणाऱ्यांनी एखाद्या दुपारी मिरजेतल्या सतारमेकरांच्या दुकानात जरूर जावे. घोडीवर तार जिथे टेकते, तो पृष्ठभाग कारागीर हलक्या हाताने घासतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत नेला, की एका ठिकाणी तंबोरा एकाएकी भरून बोलू लागतो. पाठ्यपुस्तकात ध्वनीचा धडा वाचलेल्या विद्यार्थ्याला हे कानाने अनुभवायला विश्रामबागेतून फार लांब जावे लागत नाही, तरीही पदवी संपेपर्यंत तिकडे न फिरकलेली मुले मला भेटतात.

पालकांची काळजी मला समजते. तालमी लांबतात, घरी परतायला उशीर होतो आणि गावाकडची शेवटची एसटी कोणासाठी थांबत नाही. त्यासाठी पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला आपली वेळ स्पष्ट सांगावी आणि तेवढ्या वेळेत बसणारे काम मागावे. अभ्यासाचे म्हणाल, तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत सहशैक्षणिक उपक्रमांनाही श्रेयांक आहेत. आपल्या महाविद्यालयात त्यांत कोणत्या कला बसतात, हे विषय निवडण्यापूर्वीच प्राध्यापकांना विचारून घ्यावे.