राउटर लॉग ३: भंगारातल्या डब्यात कुणाचा तरी पासवर्ड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दीडशे रुपयांना उचललेला राउटर अखेर उघडला. शिल्डच्या (चिपांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) कडेला हिरवट चढलं होतं, आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत हे व्हायचंच, आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलं.

कोपऱ्यात ओळीने चार भोकं, म्हणजे यूआर्ट, राउटरशी वायरीने थेट बोलायची जागा. मल्टिमीटर लावला, शिल्डशी बीप होतो तो ग्राउंड, कायम ३.३ व्होल्ट दाखवतो तो सप्लाय, आणि चालू केल्या केल्या आकडा थरथरतो तो टीएक्स (डेटा बाहेर पाठवणारा), उरलेला आरएक्स (डेटा आत घेणारा). यूएसबी-टीटीएल अडॅप्टरचा जंपर ५ वरून ३.३ वर आणा, सप्लायची वायर जोडायचीच नाही, तीनच वायरी. ५७६०० च्या वेगाला नुसती चित्रविचित्र अक्षरं आली, ११५२०० ला बूट लॉग धडाधड वाहायला लागला, शेवटी एंटर मारलं तर सरळ रूट, म्हणजे पूर्ण ताबा, पासवर्ड विचारलासुद्धा नाही.

कॉन्फिग (सेटिंग्जची फाईल) उघडलं आणि आधीच्या मालकाचा इंटरनेट लाईनचा युजरनेम, पासवर्ड, वायफायचा पासवर्ड, सगळं साध्या अक्षरांत समोर. खरं सांगतो, बरं नाही वाटलं. त्या घरात नवीन राउटरलाही तोच पासवर्ड ठेवला असेल तर? आपण सगळे तेच करतो, परत सगळ्या फोनांत टाकायचा कंटाळा.

मग बटण दाबून रिसेट केला आणि खात्री करायला फ्लॅशचा, म्हणजे सगळं साठवणाऱ्या चिपचा, डंप (पूर्ण प्रत) काढला. चिप २५क्यू६४, ६४ मेगाबिट म्हणजे ८ एमबी. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचा-लिहायचा बोर्ड) वापरणाऱ्यांनो, त्या काळ्या बोर्डाच्या डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात, ३.३ च्या चिपला ते धोक्याचं, मी आधी तो ३.३ वर मॉड करून घेतला. राउटरचा अडॅप्टर काढून क्लिप लावली, दोनदा वाचलं, हॅश (फाईलचा ठसा) जुळेना, चिपचे पाय परत घासले, तिसऱ्या-चौथ्यांदा जुळली. एकदाच वाचून त्यावर विश्वास ठेवू नका. त्या डंपमध्ये स्ट्रिंग्ज (वाचता येणारी अक्षरं) शोधल्या तर तोच वायफाय पासवर्ड अजून एका जागी तसाच! कॉन्फिगची दुसरी प्रत होती, रिसेटने तिला हातच लावला नव्हता.

म्हणून जुना राउटर किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) भंगारात द्यायचा असेल तर नुसत्या रिसेटवर सोडू नका, आधी घरचे पासवर्ड बदला, प्रोग्रामर असेल तर चिप पूर्ण इरेज करा, नसेल तर ती आठ पायांची चिप पक्कडीने फोडून टाका. माझ्याकडचे डंपही मी पुसले.

आता त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत, खुलं फर्मवेअर) चढवलंय, ८ एमबीत जेमतेम बसतं (४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्यांना त्याच्या १९.०७ आवृत्तीनंतर अधिकृत बिल्ड नाहीत, असे डबे घेऊ नका). कंपनीच्याच फर्मवेअरवर राहणार असाल तर निदान डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा, त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा चेकसम (आधीच्या आकड्यांवरूनच निघणारा), त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत निघतो, हे २०११ लाच उघड झालंय.

राउटर फोंड्याच्या घरी लावला, कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपावरच्या कॅमेऱ्यासाठी. कॅमेऱ्याला फॅक्टरीचाच पासवर्ड होता, २०१६ ला मिराई नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर धरले होते, साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा, बस. पासवर्ड बदलला, कॅमेरा वेगळ्या नेटवर्कवर टाकला, घरच्या लॅपटॉपकडे आणि बाहेर इंटरनेटकडे जायची वाट बंद, रेकॉर्डिंग कार्डावर.

पण आता बाबांना पणजीहून पंप दिसत नाही आणि रोज फोन येतोय, "अरे, पाणी चालू आहे की नाही ते बघू कसं?" लाईनला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही, म्हणजे वायरगार्ड (व्हीपीएन, बाहेरून घरच्या नेटवर्कात यायची सुरक्षित वाट) थेट नाही जमणार, छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यातून फिरवावं लागेल. चवथीला (गणेश चतुर्थीला) चार दिवस घरी आहे, तेव्हा ते करतो.