तारण: गहाण नव्हे, दान

बँकेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’ वाचणाऱ्या मराठी माणसाला ‘तारण’ म्हटले की आधी काहीतरी ठेवायचे, मग काहीतरी मिळते, असेच वाटते. ख्रिस्ती मंडळीत हाच शब्द ‘तारणे’वरून येतो, बुडत्याला वाचवणे. पण गहाणवटीचा अर्थ मनातून सहज जात नाही. उपास, दशमांश (उत्पन्नाचा देवाला दिलेला दहावा भाग), रविवारची हजेरी, इतक्या वर्षांची सेवा, असे काही ना काही देवाकडे जमा आहे ही भावना चिकटून बसते.

बायबलमधल्या आपल्या पत्रांत प्रेषित पौल ती मुळातून उपटतो. इफिसकरांस २:८ मध्ये ‘तारण झालेले आहे’ हे ग्रीक रूप कर्मणी आणि पूर्ण आहे. म्हणजे तारणारा दुसरा, काम झालेले, परिणाम चालू. पुढे ‘हे देवाचे दान’ यातले ‘हे’ नपुंसकलिंगी, तर ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी. त्यामुळे ते कुठल्या एका शब्दाकडे नव्हे, सगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. ‘कृपा देवाची, विश्वास माझा’ अशी वाटणी तिथे बसत नाही.

रोमकरांस ३:२४ मधला ‘दोरेआन’ हा शब्द तर पाठच करावा. अर्थ ‘फुकट’. योहान १५:२५ मध्ये ‘त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला’ इथेही तोच शब्द आहे. येशूचा द्वेष करण्यासारखे त्याच्यात काही नव्हते. तसे आपल्याला नीतिमान ठरवावे असे आपल्यात काही नाही. रोमकरांस ६:२३ मध्येही वेतन मिळते ते पापाचे. सार्वकालिक जीवनापुढे शब्द येतो कृपादान.

सगळ्यात जास्त घोटाळा विश्वासापाशी होतो. ‘माझा विश्वास कमी पडला’ असे म्हणत माणूस विश्वासालाच कर्म करून टाकतो. विश्वास हा रिकामा हात आहे. त्याचे वजन करायचे नसते. पारख सोपी आहे: ‘देव तुला का स्वीकारील?’ याचे उत्तर ‘मी’पासून सुरू झाले, की तिथे पुन्हा गहाणवट आली.

मग सत्कर्मे कशाला? इफिसकरांस २:१० वाचल्याशिवाय आठवे-नववे वचन सोडूच नये. कर्मांनी नाही, पण सत्कर्मांसाठी. फिलिप्पैकरांस २:१२ मधले ‘तारण साधून घ्या’ही १३व्या वचनासकट वाचावे, इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देवच, असे तिथे आहे. याकोब आपल्या पत्रात ‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव’ म्हणतो, पण तो पौलाला खोडत नाही. पौल अब्राहामाच्या उत्पत्ती (बायबलचे पहिले पुस्तक) १५ मधल्या विश्वासावर उभा आहे, याकोब उत्पत्ती २२ मधल्या, अब्राहामाने केलेल्या आपल्या मुलाच्या, इसहाकाच्या अर्पणावर, आणि मध्ये बरीच वर्षे गेली आहेत.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी मिळून मान्य केले की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रोटेस्टंट यांनी ते एकत्र बसून वाचायला हवे.

आणि व्यवहाराचाच शब्द हवा असेल, तर इफिसकरांस १:१४ मध्ये तो आहे: विसार. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार. तोही देवानेच दिलेला.