खाणींच्या मापाने बेतलेलं राज्य

जर्मनीतल्या जारलांडचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण येते ती नकाशाची. 1920 च्या आधी या आकाराचा प्रदेशच नव्हता. जारब्र्युकन प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात, तर जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवरचं सांक्ट इंगबर्ट बायर्नच्या (बव्हेरियाच्या) राजाकडे. जारलुई हे गाव तर चौदाव्या लुईने 1680 मध्ये किल्ला म्हणून वसवलं. ते 1815 च्या पॅरिस तहात प्रशियाकडे गेलं आणि नाझी काळात त्याचं 'जारलाउटर्न' असं बारसंही झालं. बायर्न किंवा जाक्सनसारखं (सॅक्सनीसारखं) मागे एखादं जुनं राजघराणं आहे, असं इथे काही नाही. हा प्रदेश घडवला तो कोळशाने.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधल्या खाणी उद्ध्वस्त केल्या. त्याची भरपाई म्हणून व्हर्सायच्या तहाने जार खोऱ्यातल्या खाणींची मालकी फ्रान्सला दिली. नुसत्या खाणी मिळून भागत नाही, त्यात उतरणारे लोकही लागतात. म्हणून खाणी आणि कामगारांची गावं एकाच हद्दीत येतील अशी रेषा आखली, आणि त्या हद्दीचा कारभार 15 वर्षांसाठी राष्ट्रसंघाकडे सोपवला. कारभारी पाच: एक फ्रेंच, एक स्थानिक, तीन इतर देशांचे. 1923 पासून व्यवहाराचं अधिकृत चलन फ्रँकच झालं. आजची सीमा तंतोतंत तीच नाही. उत्तरेकडचा वाडर्नचा भाग 1946 मध्ये जोडला गेला. पण मूळ साचा खाणींचाच.

या प्रदेशात दोन सार्वमतं झाली. 'दोन्ही वेळा लोकांनी जर्मनी निवडली' असं सरसकट लिहिलं जातं, ते अर्धंच खरं आहे, कारण दोन्ही वेळचे प्रश्न वेगळे होते. 13 जानेवारी 1935 च्या मतपत्रिकेवर तीन पर्याय होते: राष्ट्रसंघाचा कारभार चालू ठेवणे, फ्रान्समध्ये जाणे, जर्मनीत जाणे. जर्मनीला 90.7 टक्के मतं मिळाली, राष्ट्रसंघाला 8.9 आणि फ्रान्सला 0.4. बर्लिनमध्ये हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याच्या विरोधातल्या समाजवादी आणि कम्युनिस्टांनी 'सध्या आहे तेच राहू द्या' अशी आघाडी उघडली. पण दहशतही होती, ट्रिअर आणि श्पायरच्या कॅथलिक बिशपांचं वजन जर्मनीच्या पारड्यात होतं, आणि परक्यांच्या कारभाराचा कंटाळा तर सगळ्यांनाच आलेला. 1 मार्चला प्रदेश सुपूर्द झाला. खाणी परत घेण्यासाठी जर्मनीने 90 कोटी फ्रँक मोजायचे ठरले.

23 ऑक्टोबर 1955 च्या सार्वमतात मात्र 'जर्मनी' हा पर्यायच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने जारलांडला आपल्या अर्थव्यवस्थेला जोडून अर्धवट स्वतंत्र ठेवलं होतं. 15 डिसेंबर 1947 ची स्वतःची राज्यघटना, योहानेस होफमान हे मुख्यमंत्री, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला वेगळा संघ. फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जारलांड पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळलं आणि दोन्ही सामने हरलं. लोकांना विचारलं एवढंच: जारलांडला युरोपीय दर्जा देणारा, म्हणजे त्याला जर्मनीबाहेर युरोपीय देखरेखीखाली ठेवणारा करार मान्य आहे की नाही? खुद्द पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी 'हो म्हणा' असा सल्ला दिला होता. तरी 67.7 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. कायद्याच्या भाषेत त्या नकाराचा अर्थ 'जैसे थे' असाच निघत होता. पण 'जाड्या हटवा' ही घोषणा होफमान यांच्यावर होती आणि मतदारांचा रोख कुणापासून लपलेला नव्हता. निकाल लागताच होफमान यांनी राजीनामा दिला, आणि पुढची वाट मतपत्रिकेने नव्हे तर वाटाघाटींनी काढली.

ही वाट तपशिलात पाहण्याजोगी आहे. ऑक्टोबर 1956 मध्ये लुक्सेंबुर्ग इथे करार झाला. फ्रान्सने जारलांड सोडलं, बदल्यात मोजेल नदीत मोठ्या बोटी चालतील असा जलमार्ग आणि वार्न्टच्या पट्ट्यातला कोळसा काढण्याची काही वर्षांची मुभा मिळवली. 1 जानेवारी 1957 ला जारलांड पश्चिम जर्मनीचं राज्य झालं, पण चलन फ्रँकच राहिलं, जकातीची रेषाही जागची हलली नाही. म्हणजे राज्य जर्मन आणि बाजार फ्रेंच. हा त्रिशंकू कारभार 6 जुलै 1959 पर्यंत चालला. त्या दिवशी 100 फ्रँकला साधारण 85 फेनिग, म्हणजे 0.85 जर्मन मार्क, या दराने नोटा बदलून मिळाल्या.

नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांना हा काळ नेमका ठाऊक असतो. पॅरिसच्या टाकसाळीने 1954 मध्ये 10, 20 आणि 50 फ्रँकची आणि 1955 मध्ये 100 फ्रँकची नाणी जारलांडसाठी पाडली. रक्कम फ्रेंच चलनात, अक्षरं जर्मन: 'त्सेन फ्रांकेन'. 1957 ते 1959 मधल्या टपाल तिकिटांवर तर जर्मन टपाल खात्याचं नाव आणि किंमत फ्रँकमध्ये. अशी तिकिटं अल्बममध्ये अनेकदा फ्रान्सच्या पानावर चिकटवलेली दिसतात. ती जर्मनीच्या पानावर हवीत.

सामिलीकरण झालं ते मूलभूत कायद्याच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेच्या, तेव्हाच्या कलम 23 खाली. 'जर्मनीच्या इतर भागांत त्यांच्या प्रवेशानंतर हा कायदा लागू होईल' असं ते कलम सांगत होतं. नवी घटना लिहायची गरज नाही, आत येणाऱ्याने ठराव करायचा. ही वाट पुन्हा वापरली गेली ती थेट 1990 मध्ये, पूर्व जर्मनीसाठी. एवढ्याशा जारलांडने पाडलेला पायंडा एवढ्या मोठ्या घडामोडीला पुरेसा ठरला, ही गोष्ट जर्मन एकीकरणावरच्या लेखनात फार क्वचित येते.

आता आजचा कारभार. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, विधानसभेत 51 जागा, संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहात किमान असतात तेवढी, म्हणजे 3 मतं. मतदाराला एकच मत, तेही पक्षाच्या यादीला. 41 जागा तीन मतदारसंघांच्या याद्यांतून आणि 10 राज्य यादीतून भरतात. 5 टक्क्यांच्या खाली राहिलेला पक्ष बाद. उरलेल्यांत द'होंट पद्धतीने वाटप होतं: प्रत्येक पक्षाची मतं 1, 2, 3, 4 अशी भागत जायची आणि सर्वांत मोठे 51 भागाकार निवडायचे.

मार्च 2022 चा निकाल घेऊन हे करून बघा. समाजवादी (सोशल डेमोक्रॅट) 43.5, ख्रिश्चन डेमोक्रॅट 28.5, अतिउजवा एएफडी पक्ष 5.7 टक्के. 43.5 ला 29 ने भागलं की 1.5, आणि 28.5 ला 19 ने भागलं तरी 1.5. एएफडीचा तिसरा भागाकार 1.9, चौथा 1.43, म्हणून तो बाहेर. जागा झाल्या 29, 19 आणि 3. साडेत्रेचाळीस टक्क्यांत समाजवाद्यांच्या नेत्या आंके रेलिंगर यांना निर्विवाद बहुमत मिळालं, कारण पाचापैकी एकाहून अधिक मतं उंबरठ्याबाहेर पडली. ग्रीन पक्ष तर अवघ्या 23 मतांनी हुकला. त्या 23 मतांनी सरकार बदललं असतं, असं मात्र म्हणू नये. ग्रीन आत आले असते तर माझ्या हिशेबाने समाजवाद्यांना 27 जागा मिळाल्या असत्या, आणि बहुमताला 26 पुरतात.

ज्या कोळशासाठी ही हद्द आखली तो आता निघत नाही. 7 फेब्रुवारी 1962 ला लुइझेनटाल खाणीतल्या स्फोटात 299 कामगार गेले, तरी खाणी चालू राहिल्या. शेवटचा धक्का जमिनीतूनच आला. 23 फेब्रुवारी 2008 ला खोदकामामुळे 4 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला आणि जारवेलिंगनच्या चर्चचे तुकडे खाली पडले. त्यानंतर खाणकाम आवरतं घेत 30 जून 2012 ला ते कायमचं बंद झालं. फ्योल्कलिंगनचा लोखंडाचा कारखाना 1994 पासून जागतिक वारसा आहे.

खाण गेली, राज्य राहिलं, आणि लोक एकमेकांना ओळखतात ते बोलीवरून. वायव्येला 'दात', आग्नेयेला 'दास'. बाईच्या नावाआधी नपुंसकलिंगी 'एस'. प्रमाण जर्मनमधल्या 'घेणे' या क्रियापदाच्या जागी इथे 'आणणे' वापरतात, त्यामुळे वजन कमी करणारा माणूस ते 'आणून टाकतो'.

'हाउप्टसाख गुट गेस', म्हणजे जेवण चांगलं झालं की बाकी सगळं ठीक, हे इथलं आवडतं वाक्य, आणि त्यातलं मुख्य जेवण म्हणजे श्वेंकर. या शब्दाचे तीन अर्थ: मांस, ते भाजायची जाळी आणि भाजणारा माणूस. डुकराच्या मानेच्या मांसाचे साधारण 2 सेंटिमीटर जाड काप कांदा, लसूण, पाप्रिका आणि तेलात रात्रभर मुरवतात. तिवईला साखळीने टांगलेली गोल जाळी बीचच्या लाकडाच्या आगीवर झुलवत ठेवायची. झुलण्यामुळे एकच जागा सतत ज्वाळेवर राहत नाही, आणि आग भडकली तर साखळी वर ओढता येते. नवखे लोक दोन चुका करतात. एक, निखारे व्हायच्या आधीच जाळी खाली सोडतात. मग बाहेरून काळं आणि आतून कच्चं. दुसरी, मुरवणातला कांदा न झटकताच काप जाळीवर टाकतात. कांदा आधी जळतो आणि त्याचा कडूपणा सगळ्या मांसाला लागतो. तो कांदा वेगळा काढून तव्यावर परतायचा आणि पावात मांसासोबत घालायचा.