नागिणीनंतर अडलेला घास

साठीकडे झुकलेल्या एक बाई मुलासोबत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा त्यांच्या फाइलमधील बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘ॲसिडिटी’ हेच निदान होते. गोळ्यांनी मात्र काडीचाही फरक पडलेला नव्हता. आमटीत कुस्करलेली भाकरी छातीत अडते, हे त्यांनी सांगितलेच. पण मी खोदून विचारल्यावर पहिल्यापासून पाणीही अडते, असे त्या म्हणाल्या. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. अन्ननलिकेच्या कर्करोगात सहसा आधी घन पदार्थ अडतात आणि पातळ पदार्थांची पाळी नंतर येते. बाई रात्री आडव्या झाल्या की जेवलेले अन्न जसेच्या तसे तोंडात येई आणि उशी भिजे. त्याला आंबट चवही नसे, म्हणजेच ते जठरापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

दुर्बिणीतून पाहताना फुगलेल्या अन्ननलिकेत आदल्या दिवशीचा भात दिसला. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रे चित्रात तिचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते झालेले होते. मॅनोमेट्री या दाब मोजण्याच्या तपासणीत नाकातून अन्ननलिकेत एक बारीक नळी घालतात, तिच्यावर दर सेंटिमीटरला एक याप्रमाणे ३६ दाबमापके असतात, आणि रुग्णाला ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळायला सांगतात. निरोगी माणसात प्रत्येक घोटाबरोबर आकुंचनाची लाट वरून खाली सरकते आणि तळाची झडप सैल पडते. बाईंच्या एकाही घोटाला लाट उमटली नाही. साऱ्या अन्ननलिकेत एकाच वेळी दाब चढत होता आणि झडप आवळलेलीच राहत होती. हा अ‍ॅकलेशिया होता, म्हणजे लाट बंद पडून तळाची झडप सैल न पडण्याचा विकार, त्यातला ‘टाइप २’. वर्षाला लाखात साधारण एखाद्यालाच होणारा हा आजार.

नळी काढल्यावर त्या उठून बसल्या, तेव्हा ब्लाउजच्या खाली पाठीपासून कुशीपर्यंत गेलेला काळसर डागांचा पट्टा मला दिसला. मी विचारताच त्या म्हणाल्या, “गेल्या पावसाळ्यात नागीण उठली होती. ती बसली आन् मग घास अडायला लागला. डॉक्टर, नागीण आत तर उतरली नसंल?”

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा मुळीच नव्हता. अन्ननलिकेच्या स्नायूंच्या थरांमध्ये चेतापेशींचे जाळे असते. त्यांतील ज्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून झडपेला सैल पडायला लावतात, त्याच अ‍ॅकलेशियात नष्ट होतात. नष्ट का होतात, याचा शोध अजून पुरा झालेला नाही. पण विषाणूंवरचा संशय जुना आहे. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यानंतरही चेतापेशींत दडून राहतो आणि पुढे नागिणीच्या रूपाने उठतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅकलेशियाच्या काही रुग्णांच्या याच जाळ्यात त्याचे अंश सापडले होते. इतर काही शोधांत मात्र कोणताही विषाणू हाती लागला नाही. इटलीतील पादुआच्या संशोधकांचे काम मला अधिक विचार करायला लावते. ओठांवर तापाचे फोड उठवणाऱ्या हर्पिस विषाणूचे अंश त्यांना रुग्णांच्या झडपेत सापडले, तसे निरोगी अवयवदात्यांच्या झडपेतही सापडले. फरक होता तो रुग्णांच्या लसिकापेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्या विषाणूला चवताळून प्रतिसाद देत होत्या, हा. म्हणजे विषाणू बहुधा निमित्त होतो आणि ज्यांच्या प्रतिकारशक्तीची घडण तशी आहे, त्यांच्यात तीच शक्ती स्वतःच्या चेतापेशींवर उलटते. मला हे स्पष्टीकरण पटते, तरी ते सिद्ध झालेले नाही. शिवाय नागीण हा पन्नाशीनंतर बऱ्याच जणांना होणारा आजार आहे, त्यामुळे एकामागून दुसरे झाले एवढ्यावरून कार्यकारणभाव ठरत नाही.

हे सारे मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितले. मुलाने लगेच विचारले, “मग नागिणीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर?” त्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, गेलेल्या चेतापेशी त्यांनी परत येत नाहीत, आणि अ‍ॅकलेशियात त्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

माझ्या दृष्टीने त्या दिवशीचा निकडीचा प्रश्न वेगळाच होता. उतारवयात, वर्षभराच्या आत सुरू झालेला त्रास आणि झपाट्याने उतरलेले वजन असेल, तर जठराच्या तोंडाशी दडलेली कर्करोगाची गाठही अ‍ॅकलेशियाचे हुबेहूब सोंग घेते. म्हणून नागिणीच्या विचारात न गुंतता मी त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घेतला. गाठ नव्हती.

पुढे त्यांच्यावर पोएम ही शस्त्रक्रिया झाली. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत तोंडावाटे दुर्बीण घालून, अस्तराखालून बोगदा करत जाऊन झडपेचा स्नायू कापतात. लाट त्यानंतरही परतत नाही, पण अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरते. झडप मोकळी झाल्याने आम्ल वर येऊ लागते, म्हणून ज्या ॲसिडिटीच्या गोळ्या आधी निरुपयोगी ठरल्या होत्या, त्याच आता त्यांना खरोखर घ्याव्या लागतात. केसपेपरवर नागिणीची नोंद मी तारखेसह केली आहे आणि कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले आहे.